सॅम नावाचा गडी

निष्ठावान सोबत्याने शेवटी मरायचं, ही आपल्या गोष्टींची जुनी रीत आहे. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू पडले, तेव्हा महाराज विशाळगडाकडे निघून गेले होते. त्याआधी महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेला शिवा काशिद पकडला गेला आणि मारला गेला. दहा वर्षांनी सिंहगडावर तानाजी. या तिघांच्या गोष्टी मराठी पोराला अक्षरओळख व्हायच्या आधीच ठाऊक असतात. राजाचं काम तडीला न्यायचं आणि आपण परत यायचं नाही, एवढंच त्या गोष्टींतल्या जिवलगाच्या वाट्याला येतं.

पुराणात हेच काम कर्णाकडे आहे. युद्धाच्या तोंडावर कृष्ण त्याला जन्माचं गुपित सांगतो, पाच भाऊ आणि सिंहासन पुढे करतो, आणि कर्ण नको म्हणतो. दुर्योधनाने सगळ्यांसमोर आपलं म्हटलं, त्याला ऐन वेळी सोडायचं नाही, एवढाच त्याचा हिशोब. मराठीने या माणसावर विसाव्या शतकाच्या मध्यावर भलताच जीव लावला. १९५३मध्ये शिरवाडकरांचं ‘कौंतेय’ नाटक आलं. १९६७मध्ये शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’, १९७३मध्ये रणजित देसाईंची ‘राधेय’. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ही १९६७चंच, त्यांनी कर्णाकडे डोळे कोरडे ठेवून पाहिलं. पण वाचकांचा कौल कुठे गेला, ते कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयातली ‘मृत्युंजय’ची झिजलेली प्रत हातात घेतली की समजतं. कर्णाची मैत्री चुकीच्या बाजूची होती हे सगळ्यांना मान्य, तरी डोळ्यांत पाणी त्याच्यासाठीच. कारण तो मेला. जगला असता तर आपण त्याला इतकं माफ केलं असतं का, याची मला शंका आहे.

मराठी रंगभूमीवर कर्ण उभा राहत होता त्याच सुमारास, १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत, इंग्लंडमध्ये एका भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाची तीन खंडांची अवाढव्य कादंबरी छापून येत होती. जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. दुष्ट शक्तीने घडवलेली एक अंगठी, ती जिथे घडली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायची, आणि हे काम पडतं कमरेएवढ्या उंचीच्या, अनवाणी चालणाऱ्या, दिवसातून बऱ्याचदा खाणाऱ्या हॉबिट जातीच्या फ्रोडोवर. त्याच्याबरोबर त्याचा माळी निघतो, सॅम गॅमजी. सुरुवातीला तो पुस्तकात विनोदापुरताच आहे असं वाटतं. खिडकीखाली उभा राहून मालकाचं बोलणं ऐकताना पकडला जातो आणि शिक्षा म्हणून त्याला प्रवासाला धाडलं जातं.

हा सॅम कुठून आला, ते टोल्किनच्या तरुणपणात शोधावं लागतं. १९१६मध्ये तो सोमच्या लढाईत होता. शाळेपासूनच्या चार मित्रांची त्यांची एक मंडळी होती. त्यातला एक लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला गेला, दुसरा डिसेंबरात. टोल्किन स्वतः खंदकातल्या तापाने आजारी पडून मायदेशी परतला, म्हणून वाचला. पुढे त्याने सांगून ठेवलं की सॅम हा पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांवरून आणि अधिकाऱ्यांच्या ऑर्डर्लींवरून घेतलेला माणूस आहे, आणि ती माणसं आपल्यापेक्षा फार वरची होती. अधिकाऱ्याचे बूट पुसणारा, चहा करणारा, गोळ्या चालू असताना डबा घेऊन येणारा शिपाई. त्याला पदक मिळत नाही आणि त्याच्यावर पोवाडा होत नाही. एका पत्रात टोल्किनने सॅमला आपल्या कथेचा मुख्य नायक म्हटलं आहे. ते कशाच्या जोरावर म्हटलं, हे कळायला पुस्तकाच्या शेवटाकडे जावं लागतं.

शत्रूच्या मुलखात, मॉर्डोरमध्ये, दोघेच शिरलेले असतात. पाणी नाही, झाड नाही, राखेची जमीन. इथे लेखक लढाया बाजूला ठेवतो आणि आपल्याला सामानाची यादी दाखवतो. सॅमने घरापासून स्वयंपाकाची भांडी पाठीवर आणलेली असतात. आधीच्या मुक्कामात त्याने त्याच भांड्यात सशाचा रस्सा केलेला असतो, मिठाची डबी जपून ठेवलेली असते. आता वजन कमी करायचं म्हणून तो ती भांडी जमिनीतल्या एका भेगेत टाकतो, आणि खाली जाताना होणारा त्यांचा खणखणाट त्याच्या काळजाला लागतो. राज्यं बुडण्याची वेळ आलेली असताना माणूस तव्यासाठी हळहळतो. मला साऱ्या पुस्तकात याहून खरं काही आढळलं नाही.

त्याआधीचा एक प्रसंग आहे. खडकातून पाझरणारं थोडं पाणी सापडतं. सॅम म्हणतो, आधी मी पितो. मालकापुढे हात घालायचा नसतो हे त्याला कळतं. पण पाणी विषारी निघालं तर ते आधी आपल्याला कळावं, असा त्याचा बेत. पुढे पाणी संपत आलं तेव्हा तो फ्रोडोला पाजतो आणि स्वतःचा घोट टाळतो. उरलेली भाकर मोजतो. परतीच्या वाटेला काही उरणार नाही, हे त्या मोजणीत त्याच्या लक्षात येतं. मग तो थोडा वेळ गप्प राहतो आणि पुन्हा चालू लागतो.

शेवटच्या चढावर फ्रोडोच्याने पाऊल उचलवत नाही. अंगठी त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी घ्यावी तर ती घेणाराच बिघडतो. ते ओझं वाटून घेता येत नाही, हे सॅमला एव्हाना पुरतं समजलेलं. मग तो अंगठीऐवजी अंगठी बाळगणाराच उचलतो. पाठंगुळीला घेतो. त्याला धास्ती असते की अंगठीचं भयंकर वजनही आपल्या पाठीवर येईल. येत नाही. उपासाने वाळलेला फ्रोडो त्याला लेकरासारखा हलका लागतो, आणि तो जमेल तितकं चालत, न जमेल तिथे रांगत डोंगर चढतो.

इथवर बहुतेकांना आठवतं. पुढचं बरेचजण विसरतात. वाटेवर गोलम त्यांच्यावर झडप घालतो. हा गोलम म्हणजे अंगठीच्या हव्यासाने पोखरून गेलेला जुना मालक. फ्रोडो पुढे जातो आणि गोलम सॅमच्या तलवारीखाली सापडतो. मारायला काहीच हरकत नसते. त्याने दगा दिलेला आहे, पुन्हा देणार आहे. सॅमचा हात चालत नाही. मागे एकदा फ्रोडो मेला असं समजून सॅमने थोडा वेळ ती अंगठी बाळगलेली असते; तेवढ्यावरून त्याला गोलमचं आयुष्य कसं गेलं असेल याचा अंदाज येतो. तो त्याला हाकलून देतो. डोंगराच्या पोटात, आगीच्या कडेवर उभा राहून फ्रोडो ऐन क्षणी फिरतो, अंगठी माझीच म्हणतो. नायक हरतो. तेव्हा सॅमने सोडलेला गोलम येतो, फ्रोडोचं बोट अंगठीसकट चावून तोडतो आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन आगीत पडतो. सॅमने तलवार चालवली असती तर जग बुडालं असतं. आणि हे झाल्यावर सॅम काय करतो? फ्रोडोला पुन्हा उचलतो आणि बाहेर आणतो.

आमच्या जव्हार-मोखाड्याकडच्या माणसाला हे उचलणं वाचताना वेगळं काही वाटण्याचं कारण नाही. रस्ता न पोचलेल्या पाड्यावरून आजारी माणूस किंवा अडलेली बाई डोलीत घालून, बांबूच्या दांडीला दोन्ही बाजूंनी खांदा देऊन डांबरीपर्यंत आणायची, हे इथे आजही घडतं. पावसाळ्यात ओढा आडवा आला की खांदेकऱ्यांची संख्या वाढते. पेपरात त्याची बातमी येते ती बहुधा कुणी दगावल्यावर.

या भागाचं स्वतःचं महाकाव्य आहे, ते बोहाड्यात. होळी होऊन गेली, शेतं मोकळी झाली, की जव्हार-मोखाड्याच्या गावांत मुखवट्यांची सोंगं निघतात. गणपती, सरस्वती, राम, लक्ष्मण, मारुती, रावण, नरसिंह. रात्र चढत जाते तशी एकेक. संबळ आणि पिपाणी एकसारखी चालू. कुठलं सोंग कुठल्या घराण्याने नाचवायचं हे अनेक ठिकाणी पिढ्यांपासून ठरलेलं. शेवटच्या रात्री, उजाडता उजाडता, जगदंबा आणि महिषासुर समोरासमोर येतात. माणसं रात्रभर जागतात ती यासाठी.

आता बोहाड्यात आजूबाजूची माणसं बघा. मुखवटा मोठा असतो, आतून दिसतं बेताचंच. सोंग नाचवणारा एकटा नाचूच शकत नाही. त्याच्या आगेमागे माणूस लागतो. पूर्वी विजेचे दिवे नव्हते तेव्हा टेंभा धरणाऱ्यावर सगळा खेळ होता. त्याने उजेड पुढे नेला की देव पुढे जातो, त्याने थांबवला की देव थांबतो. बोहाड्यावर लिहिणारे मुखवट्यांवर लिहितात, ते बरोबरच आहे, मुखवटे देखणेच असतात. टेंभेवाल्याचा फोटो मात्र मी क्वचितच पाहिला. उजेड त्याच्याच हातात असतो आणि कॅमेरा त्या उजेडात दुसऱ्याकडे बघत असतो.

मरणाच्या रिवाजाला आपल्याकडे अपवाद नाहीत असं नाही. मारुती आहे. लक्ष्मण पडतो तेव्हा औषधी ओळखू येईना म्हणून डोंगरच उचलून आणणारा, आणि युद्ध संपल्यावरही जगणारा. मारुतीचं देऊळ गावोगाव असतं, त्याचं एक कारण मला हेच वाटतं की तो कामाला पडणारा मित्र आहे. दुसरा अपवाद महाभारताच्या सतराव्या पर्वातला कुत्रा. द्रौपदी पडते, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकामागून एक पडतात, आणि हिमालयात धर्मराजाच्या मागे शेवटपर्यंत चालत राहतं ते एक कुत्रं. इंद्राचा रथ आल्यावर धर्मराज म्हणतो, याला घेतल्याशिवाय मी येणार नाही. इथे निष्ठेची परतफेड होते आणि ती वरच्याने खालच्याची केलेली आहे. सॅम-फ्रोडोच्या शेजारी मी कर्ण-दुर्योधनाला बसवणार नाही, धर्मराजाला आणि त्या कुत्र्याला बसवीन.

टोल्किनच्या कादंबरीवरचे चित्रपट आले ते २००१, २००२ आणि २००३च्या डिसेंबरात. पीटर जॅक्सनच्या शेवटच्या भागाला अकरा नामांकनं आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळाली. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला ही गोष्ट कळली ती सीडी आणि केबलवरून, खालच्या ओळी वाचत. सॅमची पाठंगुळी त्यांनी पडद्यावर पाहिली आणि ती त्यांना विसरता आली नाही. शॉन अ‍ॅस्टिनने सॅम केला तो उत्तमच. पण चित्रपटाने एक गडबड केली. गोलमच्या चिथावणीने फ्रोडो सॅमवर भाकर चोरल्याचा आळ घेतो आणि त्याला घरी पाठवतो, सॅम रडत पायऱ्या उतरतो, असा प्रसंग त्यात घुसवला आहे. पुस्तकात तो नाही. पुस्तकात फ्रोडो सॅमला चोर म्हणतो ते एकदाच: मेला समजलेला फ्रोडो जिवंत सापडतो, सॅम अंगठी परत देताना किंचित घुटमळतो आणि ओझं थोडं मीही घेऊ का असं विचारतो, तेव्हा. क्षणभर फ्रोडोच्या डोळ्यांना समोर सॅम दिसतच नाही. मग तो ओशाळतो, आणि सॅम काही झालंच नाही असं करून पुढच्या कामाला लागतो. पडद्यावरच्या भांडणात नाट्य जास्त आहे. पुस्तकातला प्रसंग जास्त बोचतो, कारण सॅम तिथे कुठे जात नाही.

मराठीत ही कादंबरी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मुग्धा कर्णिक यांनी आणली, पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सने काढली. एवढी जाडजूड गोष्ट, तिच्यातल्या वंशावळी, गाणी, बनवलेल्या भाषा, हे सगळं मराठीत आणण्याच्या कष्टांची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. अनुवादामुळे एक सोय मात्र झाली. इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांपुढे ही गोष्ट आता ठेवता येते.

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या काही मुलांना मी ती थोडक्यात सांगितली होती, उन्हाळ्याच्या दिवसांत. अंगठीच्या शक्तीचं त्यांना फार कौतुक वाटलं नाही. असल्या वस्तू त्यांच्या आजीच्या गोष्टींत पुष्कळ आहेत. हॉबिट अनवाणी चालतात म्हटल्यावर मात्र एकाने आपले पाय पुढे घेऊन बघितले. मग प्रश्न आले ते सगळे सॅमबद्दल. “सर, त्याला तहान नाय लागली?” लागली, पण त्याने पाणी फ्रोडोला दिलं. “मग परत कसा आला तो?” गरुड आले, त्यांनी आणलं, असं मी सांगितलं. ते एका मुलीला काही पटलं नाही. तिचं म्हणणं, गरुड होते तर आधीच का नाही बोलावले. जगभरचे टोल्किनप्रेमी या एका प्रश्नावर कित्येक वर्षं वाद घालत आले आहेत; साखरशेतला तो पाच मिनिटांत निघाला.

आणखी एक प्रश्न मुलांनी विचारला नाही, पण तो या मुलखात विचारायलाच हवा. सॅम फ्रोडोचा मित्र आहे की नोकर? तो शेवटपर्यंत त्याला मालक म्हणूनच हाक मारतो. या भागाला नोकराच्या निष्ठेचं कौतुक सहज पचण्यासारखं नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, बायकोसह त्याच्या वाड्यावर राबायचं, ही लग्नगड्याची पद्धत इथल्या वारल्यांनी भोगली. १९४५ साली झरीच्या परिषदेपासून उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी ती मोडून काढायला सुरुवात केली. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सगळं आहे, १९७२मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचलेल्या माणसाला इमानी गड्याची गोष्ट ऐकताना कान टवकारावे लागतात. मालकासाठी मरणारा गडी मालकाला नेहमीच आवडत आला आहे.

टोल्किन त्याच्या काळाचा, त्याच्या वर्गाचा माणूस होता. मालक आणि माळी हे नातं त्याला खटकत नाही, आणि ते खटकायला हवं होतं असं मला वाटतं. पण गोष्ट त्याला ओढत पुढे नेते. डोंगर चढेपर्यंत त्या दोघांत हुकूम करणारा कुणी उरत नाही. वाट सॅम ठरवतो, मुक्काम तो ठरवतो, पाणी तो वाटतो. घरी परतल्यावर फ्रोडो त्याला लग्नानंतर आपल्याच घरात राहायला बोलावतो. अंगठीची जखम बरी होत नाही म्हणून तो कायमचा समुद्रापार जायला निघतो, तेव्हा घरदार सगळं सॅमच्या नावे करतो. आणि स्वतः लिहीत आणलेला ग्रंथही त्याच्या हाती देतो, शेवटची पानं कोरी ठेवून. ती सॅमने लिहायची. पुढे हा माळी सात वेळा आपल्या मुलखाचा नगराध्यक्ष निवडून येतो. त्याला तेरा मुलं होतात. कर्णाला, बाजींना, तानाजींना हे मिळालं नाही. सॅमला म्हातारपण मिळालं.

ज्यांनी फक्त चित्रपट पाहिले आहेत त्यांना एवढंच सांगेन: तीनही खंड वाचायला सवड नसेल तर तिसऱ्याच्या शेवटाकडे जा, सॅम भांडी भेगेत टाकतो तिथपासून वाचायला घ्या आणि फ्रोडो कोरी पानं त्याच्या हाती देतो तिथपर्यंत या. आणि बोहाड्याला आलात तर एखादा फोटो टेंभेवाल्याचाही काढा.